बहात्तर अंशांचं वर्तुळ

बहात्तर अंशांचं वर्तुळ काही केल्या जागेवर येईना. बाकीची चौदा वर्तुळं कशी शहाण्यासारखी आपापल्या जागी बसली होती, आणि हे एक मेलं वाकड्यात शिरलं होतं. आत्याने कंपासचं टोक उचललं, कागदावरचं भोक भिंगातून पाहिलं, टोक पुन्हा तिथेच ठेवलं आणि पुन्हा फिरवलं. पेन्सिलीची रेघ बरोबर आधीच्या रेघेवरून गेली. म्हणजे तिची आखणी सांगत होती की वर्तुळ इथे, आणि वहीतली मापं सांगत होती की इथे नाही, अडीच मिलिमीटर वर. दोघांतलं खोटं कोण बोलतंय, हे सांगायला खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"अडीच," ती स्वतःशीच म्हणाली. "अडीच म्हणजे काय थोडे झाले?"

आता तुमच्याआमच्या लेखी अडीच मिलिमीटर म्हणजे काय? काहीच नाही. आपण भिंतीवर तसबीर लावतो तेव्हा चार बोटं इकडेतिकडे झाली तरी मान तिरकी करून "छान दिसतंय" म्हणतो. पण आत्याला सगळं नळखातं पाठीमागे 'मिलिमीटर' म्हणायचं, ते उगाच नाही. चौतीस वर्षं तिने शहराच्या पाण्याच्या नळांचे नकाशे काढले. एकदा रस्ता खणला, नळ सापडेना, इंजिनिअर म्हणाला नकाशा चुकलाय. ही बाई तडक चिखलात चपला घालून खड्ड्याच्या काठावर उभी राहिली, टेप लावली आणि म्हणाली, "तुम्ही शेजारच्या खांबापासून मोजलंत. इथे खणा." हातभर अंतरावर नळ निघाला. इंजिनिअरने त्या दिवसापासून तिच्याशी वाद घातला नाही, आणि नमस्कारही जरा लांबूनच करायला लागला.

'आत्या' हे नाव तिच्या भाचीमुळे पडलं. भावाची ही मुलगी अकरा वर्षांपूर्वी शिकायला म्हणून आत्याकडे राहायला आली ती राहिलीच. आता ती एका दवाखान्यात रुग्णांकडून हातापायांचे व्यायाम करून घेते. ती आत्या म्हणते म्हणून दूधवाला आत्या म्हणतो, खालचा शिंपी आत्या म्हणतो, आणि शिंप्याची ऐंशी वर्षांची आईसुद्धा आत्याच म्हणते. आत्याचं स्वतःचं वय सदुसष्ट. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीला उत्तरेची खिडकी, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो आणि कागदावर सावली नाचत नाही. खिडकीखाली ड्रॉइंगबोर्ड आणि उंच स्टूल. पाहुण्यांना बसायला जागा नाही, आणि त्याबद्दल आत्याला आजवर कधी वाईट वाटल्याचं ऐकिवात नाही.

हे वर्तुळाचं लचांड तिच्या मागे लागलं ते संग्रहालयामुळे. तिथे काचेच्या पेटीत एक जुनं पितळी यंत्र आहे. जुन्या ग्रंथांत त्याला यंत्रराज म्हणतात. सहासातशे वर्षांपूर्वी कुणा कारागिराने हाताने कोरलेलं, जेवणाच्या ताटाएवढं. तारा किती वर आलाय ते बघायचं, यंत्राच्या तबकडीवर ती उंची शोधायची, की किती वाजले ते कळतं. संग्रहपाल म्हणून जे साहेब आहेत, मऊ बोलणारे, कायम सर्दी झालेले, ते एक दिवस तिच्याकडे आले. त्यांना त्या तबकडीचं दुप्पट आकाराचं चित्र हवं होतं, यंत्राशेजारी लावायला.

"संगणकावर दोन दिवसांत होईल की," आत्या म्हणाली.

"होईल. पण लोकांना कळायला हवं की त्या माणसाकडे काय होतं. कंपास, पट्टी आणि कर्कटक. तेवढ्यावरच काढून द्याल का?"

"साहेब, मी नळ काढलेत. तारे नाहीत."

"जमिनीखालचा नळ ज्याला दिसतो, त्याला वरचा तारा दिसायला काय हरकत आहे?"

स्तुतीला आत्या भुलत नाही असं ती सांगते. त्या दिवशी मात्र भुलली.

तबकडीवर काय आहे ते सांगतो, घाबरू नका. एकात एक पंधरा वर्तुळं आहेत. सगळ्यांत बाहेरचं क्षितिजाचं. मग सहा अंश उंचीचं, मग बारा अंशांचं, असं करत चौऱ्याऐंशीपर्यंत. मोठी जी आहेत ती तबकडीत पुरी मावत नाहीत, त्यांच्या नुसत्या कमानी दिसतात. गंमत अशी की ही वर्तुळं एकात एक असली तरी एकाच मध्यावर नाहीत. कांद्याची चकती तिरकी कापावी तशी सगळी एका बाजूला सरकलेली. प्रत्येक वर्तुळाचा मध्य वेगळा, आणि सगळे मध्य एका उभ्या रेघेवर. पट्टीने दोन रेघा आखायच्या, त्या उभ्या रेघेला जिथे छेदतात त्या दोन बिंदूंमधलं अंतर निम्मं करायचं, तिथे मध्य. टोक तिथे ठेवायचं, कंपास हवा तेवढा उघडायचा आणि फिरवायचा. असं पंधरा वेळा. अवघड काही नाही, फक्त पंधराही वेळा जागं राहावं लागतं.

मापं घ्यायला ती संग्रहालयात जायची. यंत्राला पोलादी टोक लावायचं नाही, म्हणून कागदाची पट्टी टेकवून तिच्या कडेवर पेन्सिलीच्या खुणा. घरी येऊन खुणा वहीत. आणि मध्येच ती वही हरवली. तीन दिवस आत्याने घर पालथं घातलं. गाद्यांखाली पाहिलं, पिठाच्या डब्यात पाहिलं, भाचीच्या पर्समध्येसुद्धा पाहिलं आणि वर तिलाच विचारलं, "तुझी पर्स इतकी का कोंबलेली असते?" वही काही मिळाली नाही. तिने नवी वही आणली आणि पहिल्या मापापासून पुन्हा सुरुवात केली.

त्याच आठवड्यात गॅसवर दूध राहिलं. राहिलं म्हणजे भांडं काळं होऊन तळ सुटेपर्यंत राहिलं. भाची कामावरून आली तेव्हा जिन्यात धूर होता आणि आत्या खिडकीशी बोर्डावर वाकलेली होती. "मला वास आला," आत्या म्हणाली, "पण मला वाटलं शिंप्याकडचा."

मग डॉक्टरांकडे जाणं झालं. भाचीच्याच दवाखान्यातला तरुण डॉक्टर, चेहरा असा की याला रस्ता ओलांडायला आपणच मदत करावी.

"आजी, या कागदावर एक घड्याळ काढा बरं."

"आजी असेन तुमच्या घरी. कंपास आहे?"

"कंपास नको. हातानेच काढा."

"हाताने काढलेल्या गोलाला आमच्या खात्यात बटाटा म्हणायचे."

डॉक्टर हसला. आत्याने बटाटा काढला. त्यावर आकडे घातले. डॉक्टर म्हणाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. तिने काटा काढला आणि कागद परत दिला. डॉक्टर बराच वेळ काहीतरी लिहीत बसला. भाचीने वाकून कागद पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. घड्याळावर चोवीस आकडे होते, आणि काटा एकच.

"अगं, त्या यंत्राच्या कडेला चोवीसच तास आहेत," जिना उतरताना आत्या म्हणाली. "आणि फिरणारी पट्टीही एकच. तेच डोक्यात होतं."

"हो, आत्या."

लहान मुलाने चंद्र तोडून आणतो म्हटल्यावर आपण जसं हो म्हणतो, तसं ते हो होतं. आत्याला ते लागलं. त्याहून वाईट म्हणजे तिची तिलाच खात्री नव्हती. काटा काढताना खरंच यंत्र डोक्यात होतं, की हे कारण जिन्यात सुचलं? तिने आठवून पाहिलं. डॉक्टरच्या पेनाचं टोपण निळं होतं, ते आठवत होतं. स्वतःच्या डोक्यात त्या वेळी काय होतं, ते काही आठवेना.

आणि नेमकी हीच वेळ. भाचीला दुसऱ्या गावी नव्या दवाखान्यात बोलावलं होतं, एका विभागाची प्रमुख म्हणून, दोन वर्षांसाठी. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आत्याला इथे एकटी ठेवून जायचं, की आत्याला दादाकडे, म्हणजे भाचीच्या वडलांकडे, पोचवायचं, की जायचंच नाही? भाची बोलत नव्हती, पण रोज पोळ्या लाटताना तिचं लाटणं मध्येच थांबायचं. दादाकडे म्हणजे चार माणसांच्या घरात पाचवी खाट. ड्रॉइंगबोर्ड माळ्यावर.

शेवटी आत्याच म्हणाली, "हे बघ, डॉक्टर मला घड्याळ काढायला लावतो. घड्याळ कुणीही काढेल. मी हे यंत्र काढते. पंधराच्या पंधरा वर्तुळं, हाताने. जमलं तर माझं डोकं शाबूत आहे. तू जायचंस, मी इथे राहायचं. एक वर्तुळ जरी चुकलं, तर दादाकडे जाते, तक्रार करणार नाही."

"आत्या, असं काही ठरवायचं नसतं."

"मी चौतीस वर्षं असंच ठरवलंय."

तर असं ते बहात्तर अंशांचं वर्तुळ. नुसतं वर्तुळ असतं तर कुणाला पर्वा होती!

तिने ते चार वेळा काढलं. नवा कागद, नवी आखणी. खात्यातल्या हेडसाहेबांनी तिला पहिल्याच आठवड्यात एक सवय लावली होती. मध्य वापरला, वर्तुळ झालं, की त्या मध्यावर लाल पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. म्हणजे तोच मध्य चुकून दुसऱ्यांदा वापरला जात नाही. चारही कागदांवर पंधरा मध्यांना पंधरा लाल ठिपके होते, तिने मोजले. आखणीत चूक सापडत नव्हती. मग मापं चुकली असणार. ती संग्रहालयात गेली, पुन्हा मापं घेतली, ती पहिल्यासारखीच निघाली. मग आखणी चुकली असणार. घोडं पेंड कुठे खातंय तेच कळेना. रात्री अंथरुणावर पडली की वर्तुळं डोळ्यांसमोर यायची, सकाळी उठली की कालचं खरं की परवाचं, असं व्हायचं.

यंत्रच चुकलं असेल, असं तिला एकदा वाटलं. लगेच तिची तिलाच लाज वाटली. नाचता येईना अंगण वाकडं! सातशे वर्षांपूर्वी ज्याने पितळेवर केसाएवढ्या रेघा कोरल्या, तो चुकला, आणि दूध करपवणारी ही बरोबर? लोक हसतील. डॉक्टर तर पुन्हा लिहायला घेईल.

त्यात शाईची बाटली फ्रिजमध्ये सापडली. "उकाड्यात शाई वाळते," आत्या म्हणाली. ते खरंही होतं, त्यामुळे भाचीला काही बोलता येईना. पण बाटली तिथे ठेवल्याचं आत्याला आठवत नव्हतं. कारण तयार असतं आणि आठवण नसते, हे तिला आता कळू लागलं होतं, आणि त्याची तिला मनातून फार भीती वाटत होती. ती कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितली की तीच परीक्षेतली चूक ठरणार.

शेवटचा आठवडा उरला तेव्हा ती सकाळीच संग्रहालयात गेली. संग्रहपाल साहेब महिनाभरासाठी बाहेरगावी कसल्याशा प्रशिक्षणाला गेले होते. दालन उघडायला ज्यांना सगळे किल्लीवाले म्हणतात ते म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पेटी उघडली, तिला हातमोजे दिले आणि खुर्ची टाकून शेजारी बसले. हे गृहस्थ यंत्राकडे कधी बघत नाहीत. ते बघणाऱ्यांकडे बघतात.

आत्याने या वेळी मापं घेतलीच नाहीत. कंटाळली होती. नुसती कागदाची पट्टी घेऊन दोन वर्तुळांमधली फट बघत बसली. सहासष्ट आणि बहात्तर. फटीच्या खालच्या टोकाला खूण केली, पट्टी वरच्या टोकाला नेली. खूण जुळली. डावीकडे नेली. जुळली. उजवीकडेही जुळली.

ती थांबली. जुळायला नको होती. सगळी वर्तुळं एका बाजूला सरकलेली, म्हणजे फट खाली अरुंद आणि वर रुंद हवी. बहात्तर आणि अठ्ठ्याहत्तरमधली तशी होती. साठ आणि सहासष्टमधली तशी होती. ही एकच फट बांगडीसारखी सगळीकडून सारखी. म्हणजे ही दोन वर्तुळं एकाच मध्यावरून मारली होती.

तिने भिंग घेतलं आणि उभ्या रेघेवर सहासष्टचा मध्य शोधला. पितळेत बारीक भोक होतं, कडा झिजून गोल झालेलं. कंपास तिथे फिरला होता, एकदा नाही, दोनदा. आणि त्याच्या जरासं खाली, सव्वा मिलिमीटरवर, दुसरं एक भोक. नुसतं टोचलेलं. कडा अजून धारदार. बहात्तरचा मध्य कारागिराने नीट काढून ठेवला होता, अगदी आत्याच्या कागदावर होता तिथेच. मग त्याने कंपास बहात्तरच्या मापाला उघडला, आणि टोक जुन्याच भोकात ठेवून फिरवला. टोक हलवायला विसरला!

आत्या हसायला लागली. दालनात मोठ्याने हसू नये अशी पाटी आहे, तिच्याखालीच बसून हसली. हसता हसता डोळे भरून आले, ते तिने हातमोज्याने पुसले.

"काय झालं, बाई?" किल्लीवाल्यांनी विचारलं.

"विसरला हो. एवढा मोठा कारागीर, टोक हलवायलाच विसरला. त्याला लाल ठिपक्याची सवय नव्हती ना."

"माणूसच तो," किल्लीवाले म्हणाले.

"कुणीतरी हाक मारली असणार. जेवायला चल म्हणून. परत आला, बसला, आणि वाटलं की टोक हलवलंय."

किती हलकं वाटलं तिला! तीन आठवडे छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेला असं झालं. ती घरी चालत आली, वाटेत शिंप्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. दूधवाला म्हणाला, "मग आता ज्याने केलं त्याला ते यंत्र परत देणार का हो?" संध्याकाळी भाची आली तेव्हा आत्याने तिला चपलाही काढू दिल्या नाहीत. कागद, वही, फटीची पट्टी, सगळं मांडून दाखवलं. भाचीला अर्धं कळलं, अर्धं नाही, पण चूक यंत्राची आहे आणि आत्याची नाही, एवढं लख्ख कळलं. तिने आत्याला मिठी मारली आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

"मग शुक्रवारी होकार कळवू?"

"कळव. बिनधास्त कळव."

पुढचे चार दिवस आत्याने पक्का कागद बोर्डावर ताणून शाईने काम केलं. रूलिंग पेनच्या दोन पात्यांमध्ये शाईचा थेंब, स्क्रू पाव फेरा आवळायचा, श्वास धरून रेघ मारायची. बहात्तरचं वर्तुळ तिने यंत्रावर आहे तसं काढलं, आणि ते खरं जिथे हवं होतं तिथे तुटक रेघेने दाखवलं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत टीप लिहिली. मग सही, तारीख.

गुरुवारी ती गुंडाळी घेऊन संग्रहालयात गेली. साहेब आदल्याच दिवशी परत आले होते. त्यांनी टेबल मोकळं केलं, गुंडाळी उलगडली, कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि बघत राहिले. बघतच राहिले.

"काही चुकलंय का?" आत्याने विचारलं.

"नाही, बाई. कुठे काही चुकलेलं नाही." त्यांनी नाक पुसलं. "ही दुसरी प्रत मुद्दाम केलीत का? मी मागितली होती असं मला आठवत नाही, म्हणून विचारतो."

"दुसरी कसली? ही पहिलीच."

साहेब उठले, कपाट उघडलं आणि आतून एक गुंडाळी आणून आजच्या गुंडाळीशेजारी उलगडली. तोच आकार, तीच पंधरा वर्तुळं, बहात्तरची तीच तुटक रेघ. गुंडाळीच्या आत तिची जुनी वही होती. "मी प्रशिक्षणाला निघालो त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही हे आणून दिलंत," साहेब हळूच म्हणाले. "वहीसकट. आपण चहा घेतला. तुम्ही फार खूश होता."

आत्याने सही पाहिली. तिचीच. तारीख गेल्या महिन्याची, अठ्ठावीस. तिने खालची टीप वाचली.

*बहात्तर अंशांचं वर्तुळ सहासष्टच्या मध्यावरून मारलेलं आहे. कारागीर टोक हलवायला विसरला. बहुधा कुणीतरी जेवायला हाक मारली.*

मग तिने आज आणलेल्या कागदावरची टीप वाचली. तीच होती. शब्द न् शब्द तोच. ती हाकेची गंमतसुद्धा, जी तिला चार दिवसांपूर्वी किल्लीवाल्यांशी बोलता बोलता पहिल्यांदा सुचली होती.

"खिडकीशी धरा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. दोघांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून काचेला लावले. उजेडात पंधरा वर्तुळं पंधरा वर्तुळांवर बसली. दोन कागद आहेत हे कळू नये इतकी. क्षणभर, खोटं कशाला बोला, तिला अभिमान वाटला. मग ती खुर्चीवर बसली.

"बाई," साहेब म्हणाले, "हे पहिलं कपाटातच राहू दे. कुणाला काही सांगायचं मला कारण नाही. काम तर दोन्ही वेळा बिनचूक आहे."

त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं. आणि आत्याला ते पटायला हवं होतं. पटलंच होतं म्हणा ना. उद्या शुक्रवार, भाची होकार कळवेल, महिन्याभरात जाईल. बोर्ड खिडकीखाली राहील. दादाकडची पाचवी खाट नाही, काही नाही. परीक्षा पंधरा वर्तुळांची होती, आणि ती उत्तीर्ण झाली होती. एकदा नाही, दोनदा.

पण त्या दोन परीक्षांमधले दिवस कुठे गेले? चहा प्यायली, खूश झाली, घरी चालत आली असेल. तेव्हाही शिंप्याला सांगितलं असेल का? आणि तो आता दुसऱ्यांदा ऐकताना मान हलवत बसला असेल? तिने डोकं पिंजून काढलं. काही नाही. पुसून कोऱ्या केलेल्या कागदावर निदान कंपासच्या टोकाची भोकं तरी राहतात.

"पहिलं मी घेऊन जाते," ती उठत म्हणाली. "उद्या परत आणून देते. लिहून ठेवा कुठेतरी. मी नाही आणलं तर माणूस पाठवा."

भाची संध्याकाळी आली तेव्हा बोर्डावर दोन्ही कागद शेजारी शेजारी लावलेले होते. तिने पर्स खाली ठेवली.

"अगंबाई, किती सुंदर झालंय! दोन काढलीस?"

"दोन काढली. दुसरं काढताना पहिलं काढल्याचं मला ठाऊक नव्हतं."

भाची हसणार होती, पण हसली नाही. ती बोर्डाजवळ गेली. एकीकडची टीप वाचली, मग दुसरीकडची वाचली, मग पुन्हा पहिलीकडे गेली. हाकेच्या वाक्यावर तिचं बोट थांबलं.

"पण यंत्रात चूक आहे, ते खरं ना?" तिने विचारलं.

"ते खरं आहे. दोन्ही वेळा मीच शोधलंय. डोकं चालतं गं अजून, फक्त ठेवून घेत नाही काही."

"यातलं पहिलं कुठलं, आत्या?"

"तारीख बघ, मला विचारू नकोस. मी दुपारपासून दोन्ही बघत बसलेय, आणि मला दोन्ही कालच काढल्यासारखी वाटतायत." आत्याने हात पुसायला फडकं घेतलं, हात कोरडेच होते. "होकार कळव तू. तुला जायचंय, आणि तू जायला हवंस. पण मला इथे एकटीला ठेवून जाऊ नकोस. मला भीती वाटते."